‘मी स्त्रीवादी नाही, पण...’

महिला मंडळाची सभा असो, साहित्यमेळावा असो वा धर्मग्रामातील एखादे चर्चासत्र असो, हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणारी बहुधा शिकलेली, मिळवती आणि मनाने श्रद्धाळू असते. ‘पण’नंतर ती जे सांगते, ते ऐकण्यासारखे असते : मुलीला मुलाइतकेच शिकवावे, बापाच्या घरात तिलाही वाटा मिळावा, नवऱ्याने हात उगारू नये, सारख्या कामाला सारखी मजुरी असावी. म्हणजे माल सगळा मान्य, नाव तेवढे अमान्य! हा संकोच टिंगलीचा विषय आहे असे आम्हांला वाटत नाही. एखादी व्यक्ती एखादे नाव का नाकारते, हे समजून घेणे हे समीक्षेचेही काम आहे. म्हणून मराठीतील तीन स्त्रियांच्या लेखनाच्या साहाय्याने या नावाची पारख करावी, असे आम्ही योजले आहे.

आधी शब्दाविषयी. मराठीत ‘वाद’ म्हणजे विचारसरणी, तसाच ‘वाद’ म्हणजे भांडणही. आणि कोर्टात जो फिर्याद घेऊन उभा राहतो तो ‘वादी’. त्यामुळे ‘स्त्रीवादी’ म्हटले की घरात भांडण लावणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. मूळ फ्रेंच शब्द १८८० च्या दशकात ह्युबर्तीन ओक्लेर या मताधिकारासाठी झगडणाऱ्या बाईंनी प्रचारात आणला. आपल्याकडे १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर ‘स्त्रीमुक्ती’ आणि मागोमाग ‘स्त्रीवाद’ हे शब्द रुळले. परंतु शब्द येण्यापूर्वी ती जाणीव नव्हती काय?

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ सालचे. निमित्त घडले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचे. लोकलज्जेस्तव तिने आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. वृत्तपत्रांतून मात्र साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्यावर लेखणी उचलली. त्यांची रीत साधी आहे. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि विचारतात, हा पुरुषात नाही काय? असल्यास त्याची शिक्षा एकटीलाच का? बायको मेल्यावर नवऱ्याने लगेच बोहल्यावर चढायचे आणि नवरा मेल्यावर बायकोने जन्मभर कोंडून घ्यायचे, हा न्याय कोणता? भाषा घरगुती, तिखट, प्रसंगी शिवराळ आहे. बांधेसूद सिद्धांत त्यात नाही. पतिव्रताधर्माची कल्पना ताराबाई मुळापासून खोडत नाहीत. तो धर्म एकाच बाजूला का, एवढेच विचारतात. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची पाठराखण केली, पण पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. ‘वादी’ या शब्दाच्या कोर्टातील अर्थाने पाहिले, तर ताराबाई खऱ्याखुऱ्या वादी होत : आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या बाईच्या वतीने त्यांनी उलट फिर्याद गुदरली.

योगायोग असा की, पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तकही १८८२ चेच. ते आज वाचताना ‘स्त्रीवादी’ म्हणावे असे त्यात फारसे आढळत नाही. स्त्रियांनी अज्ञान झटकावे, विद्या मिळवावी, संसार नीट करावा, असा त्यातला उपदेश आहे. दोषाचा बराच भार स्त्रियांवरच टाकलेला आहे. पण पुढच्या पाच वर्षांत रमाबाई इंग्लंडला गेल्या, १८८३ साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात दोष स्त्रीच्या अज्ञानाकडून समाजाच्या रचनेकडे सरकलेला दिसतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो वाँटेजच्या धर्मभगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. ज्या चर्चने रमाबाईंना पदरात घेतले, त्याच चर्चला त्यांनी नम्रपणे पण ठामपणे कळवले की, आपला विवेक आपण कोणाच्या स्वाधीन केलेला नाही. त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि मानही तुकवली नाही. श्रद्धा आणि स्वातंत्र्य यांपैकी एकच निवडावे लागते, असे समजणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी ही पत्रे अवश्य वाचावीत.

तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ला स्त्रीवादी म्हणावे काय? येथे समीक्षकांची खरी परीक्षा आहे. लक्ष्मीबाई तक्रार मांडत नाहीत. त्या सांगतात आणि हसतात. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा संताप, त्यांचे न सांगता निघून जाणे, घरातला पैसा बघता बघता दुसऱ्याच्या हाती देऊन टाकणे, हे सारे त्या अशा मिस्कीलपणे सांगतात की, वाचक आधी हसतो आणि मग दचकतो. ज्यांना स्त्रीवादाचा शिक्का मारायचा असतो, ते दचकणे तेवढे उचलतात आणि लक्ष्मीबाईंचे टिळकांवरील अपार प्रेम वगळतात. ज्यांना हा शिक्का नको असतो, ते हसणे तेवढे उचलतात आणि सोसलेले वगळतात. दोघेही अर्धेच पुस्तक वाचतात.

आमच्या मते त्या ग्रंथातील निर्णायक गोष्ट निराळीच आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे ही या बाईच्या विवेकाची वर्षे आहेत. पती ख्रिस्ती झाला म्हणून ती झाली नाही. माहेरच्या सोवळ्यात वाढलेल्या या बाईने जातिभेद माणसांनीच केलेला आहे, हे स्वतःशी झगडून ठरवले आणि मगच पाऊल उचलले. ‘पतीचा धर्म तोच पत्नीचा’ असे मानणाऱ्या काळात याहून मोठे स्वातंत्र्य कोणते? या दोघी आपल्या कॅथॉलिक परंपरेतील नव्हत्या. पण त्यांची मराठी आपली आहे आणि त्यांनी उभा केलेला प्रश्नही आपला आहे.

या तिघींत समान काय? पुरुषद्वेष नाही, कुटुंबद्वेष नाही आणि परकी फॅशन तर नाहीच नाही. समान आहे ती एकाच मापाची मागणी. एकच कृत्य, तर एकच न्याय. एकच आत्मा, तर एकच विवेक. आम्ही स्त्रीवादाचा अर्थ एवढाच करतो, आणि तो लहान नाही. दोन मापे आपल्या घरातही होती, याची आठवण ठेवावी. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता दूर करणारी दुरुस्ती संसदेने केली ती २००१ साली. ख्रिस्तसभा विवाह अविभाज्य मानते, हा प्रश्न वेगळा. येथे मुद्दा मापाचा आहे : एकाच पापाचे वजन बाईच्या पारड्यात जड आणि पुरुषाच्या पारड्यात हलके कसे?

हे नाव घेतल्याने श्रद्धेला बाध येतो, अशी भीती काहींना वाटते. त्यांच्या माहितीसाठी सांगावेसे वाटते की, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियुम विते’ या परिपत्रात स्त्रियांना ‘नव्या स्त्रीवादा’ची हाक दिली. ‘नवा’ हे विशेषण त्यांनी जाणूनबुजून वापरले. पुरुषी वर्चस्वाची नक्कल म्हणजे मुक्ती नव्हे, हा त्यांचा इशारा होता. त्या विशेषणाला अर्थ आहे आणि तो वगळू नये. परंतु नामही त्यांनी टाळले नाही, हेही वगळू नये. गर्भपातासारख्या प्रश्नावर अनेक स्त्रीवाद्यांशी आपला मतभेद आहे आणि राहील. पण घरातल्या एका भावाशी पटत नाही म्हणून कोणी आडनाव बदलत नाही.

मग आपण काय करावे? ताराबाई, रमाबाई, लक्ष्मीबाई यांना हे नाव चिकटवण्याची घाई आम्ही करणार नाही. त्यांच्या हयातीत मराठीत तो शब्दच नव्हता. त्यांच्या पुस्तकांना शिक्क्याची नव्हे, पूर्ण वाचकाची गरज आहे. आपली गोष्ट वेगळी. आपल्यापाशी शब्द आहे. तो कोणी नाकारला तरी आमची हरकत नाही. मात्र नाकारताना नेमके काय नाकारतो आहोत, ते स्पष्ट सांगावे. वारशाचा वाटा नाकारता, की समान मजुरी नाकारता, की स्वतःचा विवेक? यांपैकी काहीच नाकारायचे नसेल, तर नाव तेवढे नाकारून आपण नकळत दुसऱ्याच कोणाची सोय करत असतो. बाईची मागणी ‘पण’च्या मागे उभी राहिली की, ती मागणी न राहता विनवणी होते, आणि विनवणी मान्य करणारा दाता ठरतो, देणेकरी नव्हे.

म्हणून आम्ही हे नाव घेतो. अभिमानाने मिरवण्यासाठी नव्हे, तर ते घेतल्यावर आपलीच मापे तपासणे भाग पडते म्हणून. पुरुषांनीही ते घ्यावे, असे आम्ही म्हणू. मापाचा न्याय ही काही एकट्या बायकांची गरज नव्हे. आणि पुढच्या सभेत कोणी भगिनी ‘मी स्त्रीवादी नाही, पण...’ असे म्हणू लागली, तर तिला अडवू नये. ‘पण’नंतरचे तिचे सारे म्हणणे नीट ऐकून घ्यावे आणि मग एवढेच विचारावे की, बाई, पहिले चार शब्द कोणासाठी होते?