चुकायला जागाच नाही

एकच सुरावट दहा जण वाजवत असतील, तर त्यातला एक चुकला तरी सहसा कुणाला कळत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांचे मोठे बँड याच भरवशावर चालायचे. शंभराच्या घरात मुलं आणि फुटबॉलचं मैदान भरून टाकेल एवढा आवाज. फ्रेडरिक फेनेल (१९१४–२००४) या कंडक्टरने ही गर्दी कमी केली. त्याचं सगळं मोठेपण त्या निर्णयात आहे, आणि माझी तक्रारही त्याच निर्णयाबद्दल आहे.

फेनेल या गर्दीतूनच आला होता. शाळकरी वयात एका संगीत शिबिरात, मार्चचा बादशहा जॉन फिलिप सूझा कंडक्ट करत असताना, त्याने बास ड्रम वाजवला होता. पुढे रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये तो शिकला आणि तिथेच शिकवू लागला. मोठं आजारपण आलं तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवर त्याने एका नव्या वाद्यवृंदाचा आराखडा मनाशी मांडला. १९५२ मध्ये त्यातून ईस्टमन विंड अन्सांबल उभं राहिलं. साधारण ४५ वादक, आणि क्लॅरिनेटसारखे अपवाद सोडले तर एका सुरावटीला एकच माणूस. संगीतकाराने यातली हवी ती वाद्यं घ्यावीत, बाकीच्यांनी गप्प बसावं. त्यामुळे तेरा वाद्यांसाठी लिहिलेली मोत्झार्टची सेरेनेड आणि हिंडेमिथची बँडसाठीची सिंफनी एकाच गटाला वाजवता आली.

आमच्या क्षेत्रात एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून आम्ही मुद्दाम जादा सर्व्हर ठेवतो. फेनेलने बँडमधली ही जादा सोयच काढून टाकली. दुसऱ्या ओबोची सुरावट ज्याच्याकडे आहे, तो गप्प राहिला तर ती सुरावट नाहीशीच होणार.

याचा परिणाम ऐकायचा असेल, तर मर्क्युरी कंपनीसाठी या गटाने केलेली रेकॉर्डिंग्ज लावा. सुरुवातीची मोनो रेकॉर्डिंग्ज एकाच टांगलेल्या मायक्रोफोनवर झाली. कुणाचा आवाज वर काढायचा, कुणाचा दाबायचा, हे नंतर बटणं फिरवून ठरवता येत नव्हतं. तो तोल वादकांनाच वाजवता वाजवता सांभाळावा लागे. म्हणून मार्चसुद्धा इथे ढणढणाट वाटत नाही. आतल्या सुरावटी सुट्या ऐकू येतात. १९७८ मध्ये फेनेलने क्लीव्हलँडच्या वादकांना घेऊन होल्स्टच्या १९०९ च्या सुइटचं डिजिटल रेकॉर्डिंग केलं. त्याची सुरुवात ट्युबा आणि युफोनियमवर होते. नेहमी मागे बसून 'पों पों' करणारी ही वाद्यं इथे चक्क गाऊ लागतात.

मग तक्रार कशाची? ईस्टमनची मुलं निवडून घेतलेली होती. पुढे हाच नमुना शाळा-कॉलेजांत पसरला, तेव्हा त्यासोबत चाळणीही गेली: वरच्या गटाचं नाव विंड अन्सांबल, उरलेल्यांचा नुसता बँड. पण ज्या गर्दीत चूक लपते, तिथेच कच्चं पोर शेजाऱ्याचं ऐकत ऐकत तयार होतं. एकट्याच्या खुर्चीवर बसायची हिंमत आधी कुठेतरी गोळा करावी लागते. स्वतः फेनेलनेही ती गर्दीतच, सूझाच्या समोर ड्रम बडवत गोळा केली असणार.

हा दोष एकट्या फेनेलच्या माथी मारणं बरोबर नाही. त्याने ईस्टमनमधला मोठा बँड मोडीत काढला नव्हता, दोन्ही गट सोबत चालले. शिवाय पर्सी ग्रेंजरच्या 'लिंकनशर पोझी'च्या छापील प्रतींमधल्या चुका वेचून त्याने १९८७ मध्ये तिची पूर्ण स्वरलिपी प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या बँडांत त्याने कधी पाऊल ठेवलं नसेल, त्यांच्या स्टँडवरचा कागदही त्याने दुरुस्त केला. शिक्षक म्हणून मला हा फेनेल जास्त मोठा वाटतो, कारण हे काम चाळणीच्या खाली राहिलेल्यांपर्यंतही पोचतं.

त्याची कल्पना उचलणाऱ्यांनी मात्र त्यातला अर्धाच भाग घेतला. एका माणसाला एक सुरावट द्यायला ते शिकले. तो माणूस तयार होईपर्यंत त्याला सांभाळून घेणारी गर्दीही त्याच इमारतीत होती, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.