खांदेरीचा संग्राम : आरमाराचा कीं मोर्च्याचा ?

खांदेरीच्या १६७९ सालच्या संग्रामाविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, तें बहुतेक आरमाराचेंच वर्णन असतें. जहाजें किती होतीं, कोणतें कोणीं धरिलें, कोण मागें हटलें, यांतच लेखणी गुंतते. बेटावरील तोफांचा मोर्चा एका वाक्यांत आटोपतो. ही मांडणी आम्हांस सदोष वाटते.

दोषाचें मूळ साधनांत आहे. या प्रकरणाचा तपशील मुख्यत्वें मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांतून मिळतो. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ सालीं ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या नांवानें इंग्रजी कागद प्रसिद्ध केले, हे उपकार मोठेच. परंतु पत्रलेखकांची दृष्टि आपल्या जहाजांवर खिळलेली होती. आमच्या लेखकांनीं मजकुराबरोबर ती दृष्टिही उचलिली.

आतां वस्तुस्थिति पाहावी. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी यानें थळसमोरील या बेटावर तटाचें काम चालविलें. इंग्रजांनीं अटकाव केला. १९ सप्टेंबर रोजीं बेटावर उतरलेला त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाचें आरमार चालून आलें. त्यानें ‘डव्ह’ ही गुराब पकडली. परंतु मिंचिन व केग्विन यांच्या ‘रिव्हेंज’पुढून तें नागोठण्याच्या खाडीकडे हटलें. नुसतीं जहाजें मोजूं गेल्यास हा दिवस इंग्रजांचाच म्हणावा लागेल. तरीही बेट गेलें नाहीं. लहान होड्यांतून रसद पोंचत राहिली, आणि जानेवारी १६८० मध्यें इंग्रजांनीं आपलीं जहाजें काढून घेतलीं.

येथें नैयायिकांची अन्वयव्यतिरेकाची कसोटी लावावी. जेथें मोर्चा आधीं बसला, तें बेट टिकलें. कान्होजी आंग्रे यांच्या वेळीं, १७१८ सालीं, गव्हर्नर बून याची खांदेरीवरील स्वारीही फसली. शेजारची उंदेरी मात्र रिकामी राहिली होती. जानेवारी १६८० मध्यें सिद्दीनें तेथें तोफा चढविल्या, आणि दौलतखानास ती घेतां आली नाहीं. आरमार तेंच, सरदार तोच, समुद्रही तोच. भेद केवळ मोर्च्याचा.

आमच्या चंदगडाकडील पारगडाची कथा सांगतांना कोणीही रायबा मालुसऱ्यापासून आरंभ करितो व गड धरून राहिलेल्या माणसांस विसरत नाहीं. घाटावर जो न्याय, तो दर्यावर कां नसावा ? दगड वाहणारे, तोफा चढविणारे, उपाशीपोटीं तट राखणारे यांचें श्रेय जहाजांच्या खात्यावर मांडणें हा अन्यायच होय.

मराठ्यांच्या लष्करी भूभागांतील १२ किल्ल्यांत खांदेरीचा समावेश होऊन २०२५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारसा मानिलें. यापुढें गौरवपर लेखनास तोटा पडणार नाहीं. बेटावर आजही चाकांच्या गाड्यांवरील तोफा आहेत. परंतु त्या १६७९ च्याच, असें पुराव्यावांचून कोणीं लिहूं नये. प्रत्येक तोफेचें माप, तिजवरील खुणा व तिच्या माऱ्याची दिशा आधीं टिपावी. मग जो इतिहास लिहिला जाईल, त्यांत मायनाकास त्याचें स्थान मागावें लागणार नाहीं.