ऐकू येणारे मूळ : जपानी व्हिज्युअल नॉव्हेल आणि तिच्या इंग्रजी भाषांतराचा वाद

भाषांतराविषयीच्या आपल्या बहुतेक विवेचनात एक गृहीतक न तपासता वावरत असते. भाषांतर वाचणाऱ्याच्या समोर मूळ संहिता नसते, हे ते गृहीतक. मूळ कुठेतरी दूर, परक्या लिपीत आहे. वाचकाच्या हाती आहे ते तिच्या वतीने बोलणारे दुसरे काही. निष्ठा, स्वातंत्र्य, भाषांतरकाराची अदृश्यता या संकल्पना या अनुपस्थितीच्या पायावरच उभ्या आहेत. जपानी व्हिज्युअल नॉव्हेल या प्रकाराच्या इंग्रजी भाषांतरांभोवती त्यांच्या चाहत्यांनी गेली वीसपंचवीस वर्षे जो वाद चालवला आहे, तो नेमका या पायालाच हात घालणारा आहे. हौशी मंडळींची हमरीतुमरी म्हणून तो बाजूला सारणे अभ्यासकाला परवडणारे नाही, असे मला वाटते.

प्रकाराची ओळख थोडक्यात करून द्यायला हवी. संगणकाच्या पडद्यावर पार्श्वचित्र, त्यावर पात्रांची चित्रे, तळाशी चौकटीत (काही कृतींत सबंध पडद्यावर) मजकूर. एकेक कळ दाबत वाचक ओळीमागून ओळ पुढे सरकतो, मधूनमधून त्याला निवड करावी लागते, आणि त्या निवडीप्रमाणे कथानकाला फाटे फुटतात. चुनसॉफ्ट या संस्थेने १९९२ च्या 'ओतोगिरिसो'पासून अशा कृतींना 'साउंड नॉव्हेल' म्हटले. १९९६ मध्ये लीफने 'शिझुकु'पासून सुरू केलेल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव दिले आणि पुढे तेच रूढ झाले. या प्रकाराची तात्त्विक दखल जपानमध्ये आझुमा हिरोकी यांनी २००१ आणि २००७ मधील आपल्या ग्रंथांतून घेतली. परंतु त्यांचा विषय जपानी वाचक हा आहे. भाषांतरातून वाचणारा वाचक त्यांच्या मांडणीच्या बाहेर राहतो, आणि आपला प्रश्न त्या वाचकाचा आहे.

हा वाचक दीर्घकाळ अधिकृत प्रकाशकांवर अवलंबून नव्हता. टाइप-मूनची 'फेट/स्टे नाइट' जपानमध्ये २००४ साली आली आणि अधिकृत इंग्रजी रूपात २०२४ साली. मधल्या काळात इंग्रजी वाचकाने ती 'मिरर मून' नावाच्या चाहत्यांच्या गटाने केलेल्या भाषांतरातूनच वाचली. अशा भाषांतराची कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. भाषांतरकार नवे पुस्तक छापत नाही. तो 'पॅच' तयार करतो. वाचकाने मूळ जपानी कृती मिळवायची आणि तिच्यावर हे ठिगळ चढवायचे. चित्रे तीच, संगीत तेच, पात्रांचे आवाज तेच. बदलतो तो केवळ मजकूर. पुढे अधिकृत प्रकाशकांनीही बहुधा हीच रचना ठेवली, कारण दीर्घ संहितेचे इंग्रजी ध्वनिमुद्रण खर्चाच्या दृष्टीने अवघड असते.

परिणाम असा की, या वाचकाचा डोळा इंग्रजीत असतो आणि कान जपानीत. चित्रपटाच्या उपशीर्षकांबाबतही हे खरे आहे, आणि आबे मार्क नॉर्नेस यांनी १९९९ च्या आपल्या निबंधात चाहत्यांच्या उपशीर्षकांचे धाडस गौरवले होते, ते सुप्रसिद्ध आहे. पण उपशीर्षक दोन-चार सेकंदांत नाहीसे होते. येथे ओळ वाचक कळ दाबेपर्यंत थांबून राहते, आवाज पुन्हा ऐकता येतो, मागची ओळ पुन्हा काढून ताडता येते. मूळ येथे केवळ उपस्थित नाही, ते तपासणीस बसले आहे.

चाहत्यांच्या वादातील सर्वांत जुना मुद्दा आदरदर्शक प्रत्ययांचा आहे : 'सान', 'कुन', 'चान', 'सामा' आणि 'सेन्पाइ' हे शब्द इंग्रजीत ठेवावेत की गाळावेत? ठेवणाऱ्यांना अतिशुद्धतावादी आणि गाळणाऱ्यांना मुळाचे गुन्हेगार ठरवण्यात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. फॅनसबच्या जगातील 'केइकाकु म्हणजे योजना' ही काल्पनिक टीप हा पहिल्या पक्षावरचा विनोद आता म्हणीसारखा झाला आहे. पण या आग्रहाचे कारण शुद्धतावादात शोधणे मला पटत नाही. 'फेट/स्टे नाइट'मधील साकुरा शिरोला 'सेन्पाइ' म्हणते. मूळ २००४ च्या आवृत्तीत आवाज नव्हते. ते २००७ मध्ये आले. आवाज आल्यावर कानावर 'सेन्पाइ' पडत असताना चौकटीत 'शिरो' वाचायला मिळाले, तर जपानीचे दहा शब्द जाणणारा वाचकही दचकतो. त्याला जे खटकते ते अर्थाचे नुकसान नसून साक्षीतील तफावत आहे.

लॉरेन्स व्हेनुटी यांची १९९५ पासून परिचित झालेली परिभाषा वापरून या आग्रहाला परकीयीकरण म्हणण्याचा मोह होईल. तो टाळावा. व्हेनुटींना अभिप्रेत असलेले परकीयीकरण वाचकाची घडी विस्कटते, त्याला स्वतःच्या भाषेत उपरा करते. 'सेन्पाइ' हा शब्द या वाचकाला परका राहिलेलाच नाही. तो त्याच्या मंडळातील सदस्यत्वाची खूण आहे. दिसायला परकीय आणि कार्याने घरगुती अशी ही चिन्हे आहेत. याउलट 'कामाइताची नो योरु' (१९९४) ही कृती २०१४ मध्ये 'बॅन्शीज लास्ट क्राय' या नावाने इंग्रजीत आली तेव्हा बर्फात अडकलेले तिचे विश्रामगृह जपानमधून थेट कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात नेण्यात आले. 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' (१८९०) होताना पाहिलेल्या मराठी परंपरेला यात विशेष काही वाटू नये. आपण याला रूपांतर म्हणतो आणि रूपांतर म्हणूनच जोखतो. या कृतीतील पात्रे म्हणजे निळ्या छायाकृती आहेत. चेहरा नाही आणि बोललेला संवाद नाही. हे स्थलांतर शक्य झाले ते त्यामुळे. जिथे कान मोकळा असतो तिथे भाषांतरकारही मोकळा असतो.

आता प्रत्ययांचा प्रश्न जिथे खरोखर वाङ्मयीन आहे, असे उदाहरण पाहू. की या संस्थेच्या 'क्लॅनाड'मध्ये (२००४) नागिसा प्रथम तोमोयाला 'ओकाझाकी-सान' म्हणते आणि तो तिला 'फुरुकावा' अशी आडनावाने हाक मारतो. त्यांचे प्रेम जुळल्यावर ती 'तोमोया-कुन'वर येते, तो 'नागिसा'वर. हा बदल कथानकाला लावलेली झालर नव्हे, ती घटनाच आहे. आडनावावरून नावावर येण्याची सोय इंग्रजीतही आहे. परंतु इंग्रजीभाषक समवयस्क पहिल्या दिवसापासून एकमेकांना नावानेच हाक मारतात, त्यामुळे तेथे आडनाव हेच विचित्र वाटते आणि नावावर येणे ही घटना उरत नाही. शिवाय 'सान'वरून 'कुन'वर येताना जे साधते ते सलगी आणि अदब यांच्या मधले आहे. ती 'कुन'ही सोडत नाही. मराठीत अहोजाहोवरून अरेतुरेवर येणे ही तशीच घटना आहे, पण आपल्याकडे मधली पायरी नाही : 'तुम्ही' किंवा 'तू', आणि क्रियापद लगेच साक्ष देते. म्हणजे मराठी भाषांतरकाराला इंग्रजीपेक्षा अधिक साधने मिळतील, आणि अधिक अडचणीही.

ही तुलना मी हेतुपुरस्सर करतो आहे. चाहत्यांच्या चर्चेत 'भाषांतर करता येणार नाही' असा निर्वाळा वारंवार दिला जातो. परंतु तो प्रत्यक्षात 'इंग्रजीत करता येणार नाही' एवढाच असतो. वाक्यरचनेचेच पाहा. या प्रकारात प्रत्येक ओळीला आवाजाचा एकेक तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे आवाज जिथे थांबतो तिथेच इंग्रजी ओळीलाही थांबावे लागते. मुलगी म्हणते, 'सेन्पाइ नो कोतो गा...' आणि घंटा होते, किंवा कोणी दार उघडते. क्रियापद अंती येणाऱ्या जपानीत अजून काहीच कबूल झालेले नाही. कर्त्यामागून लगेच क्रियापद मागणाऱ्या इंग्रजीला एकतर कबुली देऊन टाकावी लागते किंवा 'मी' एवढ्यावरच अडखळावे लागते. मराठीत 'मला तुम्ही...' एवढे म्हणून थांबले की काम झाले. 'आवडता' हवेत लोंबकळत राहते. उलट मराठीची स्वतःची कोंडी वेगळीच आहे. जपानी आणि इंग्रजी निवेदकाचे लिंग कितीही पाने झाकून ठेवता येते. मराठी निवेदक 'गेलो' की 'गेले' म्हणताच उघडा पडतो. इंग्रजीच्या मर्यादांवरून जपानीचे वैशिष्ट्य ठरवण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांतही आहे, कारण तेही या कृती इंग्रजीतूनच वाचतात.

या वादाची दुसरी बाजू मला अधिक चिंताजनक वाटते. कान पहारा देतो तो जे ऐकू येते त्यावर. पण या कृतींतील संहितेचा फार मोठा भाग निवेदनाचा असतो आणि निवेदन करणाऱ्या नायकाला पुष्कळदा आवाजच नसतो. वाचकाने त्याच्या जागी स्वतःला ठेवावे, हा त्यामागचा संकेत. म्हणजे जिथे गद्याची खरी कसोटी आहे तिथे कान बहिरा, आणि तिथे चर्चाही विरळ. केआयडीची 'एव्हर सेव्हन्टीन' (२००२, इंग्रजी २००५) घ्या. समुद्राखालच्या उद्यानात अडकलेल्या माणसांची ही कथा दोन निवेदकांच्या दृष्टीतून येते. ताकेशी स्वतःला 'ओरे' म्हणतो, स्मृती गमावलेला मुलगा 'बोकु'. इंग्रजीत दोघेही एकाच 'मी'ने बोलतात. आता, ही कृती ज्यांना वाचायची आहे त्यांची क्षमा मागून सांगतो : ही दोन निवेदने एकाच काळातली नाहीत, २०१७ आणि २०३४ अशी सतरा वर्षांनी विलग आहेत, आणि वाचकाने ती एकच समजावीत यावर सारा डोलारा उभा आहे. अशा रचनेत कोणाचा 'मी' बोलतो आहे हे जपानी वाचकाला सर्वनामच सतत सांगत राहते; इंग्रजी वाचकाला ते प्रसंगावरून लक्षात ठेवावे लागते. मराठीचे 'मी'ही येथे अपुरे आहे. फार तर मुंबईच्या रस्त्यावरचे 'आपण' आणि विनोदी 'अस्मादिक' यांच्यात काही शोधता येईल, पण ते वेगळेच पात्र उभे करील. एका 'सान'वर तासन्‌तास भांडणारा वाचक हजारो ओळींतून वाहून गेलेल्या या भेदाबद्दल सहसा तक्रार करीत नाही. तो त्याला ऐकू आलेलाच नसतो.

अपवाद आहेत, आणि ते लक्षणीय आहेत. ०७ थ एक्स्पान्शनच्या 'हिगुराशी नो नाकु कोरो नी' (२००२–२००६) आणि 'उमिनेको नो नाकु कोरो नी' (२००७–२०१०) या मालिका मुळात आवाजाविना आल्या. पहिल्या शीर्षकातील 'हिगुराशी' हा तिन्हीसांजेला किर्र करणारा कीटक. 'नाकु' या क्रियापदाचे 'कीटकाने ओरडणे' आणि 'माणसाने रडणे' असे दोन अर्थ चित्रलिपीत वेगवेगळे लिहिले जातात, पण शीर्षकात ते उच्चारानुसारी लिपीत लिहून दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. इंग्रजीतील 'व्हेन दे क्राय' या शीर्षकाला हे दोन्ही अर्थ आयतेच मिळाले. कीटक मात्र गेला. 'उमिनेको'त प्रश्न याहून तीव्र होतो. बेटावरच्या हत्याकांडाचे कोडे सोडवताना चेटकीण जे विधान लाल अक्षरांत करते ते निरपवाद सत्य, असा दुसऱ्या भागापासून करार आहे. जपानी नामाला बहुधा वचन नसते, वाक्यातील कर्ता गाळता येतो. इंग्रजीला एक की अनेक, कोण की कोणी, हे ठरवावेच लागते. लाल वाक्यात भाषांतरकाराने एक अनेकवचन चुकीचे घातले तर वाचकाचा पुरावाच खोटा होतो. 'विच हंट' या चाहत्यांच्या गटाने ही मालिका भाषांतरित केली आणि पुढे २०१६ पासूनच्या अधिकृत आवृत्तीतही त्याच गटाचे काम वापरले गेले. या मालिकेभोवती भाषांतराची जी चर्चा होऊ शकते तिला शेरेबाजी म्हणता येणार नाही, ती संहिताचिकित्सा आहे. आणि ती कानाने सुरू होत नाही, अक्षराने होते.

'नार्किस्सु' (२००५) या लहानशा विनामूल्य कृतीचे उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावर मरणाची वाट पाहणारी दोन तरुण माणसे गाडी घेऊन पळतात आणि आवाजी बेटावरील नार्सिससच्या फुलांपर्यंत जातात, एवढेच कथानक. चित्रे जवळजवळ नाहीत. पडद्याच्या मध्यभागी एक अरुंद पट्टी. ती आवाजासह किंवा आवाजाविना वाचण्याची मुभा मुळातच होती. 'इन्सानी' या चाहत्यांच्या गटाने तिचे इंग्रजी रूप काढले तेव्हा दोन भाषांतरकारांची दोन स्वतंत्र भाषांतरे एकाच कृतीत घातली आणि कोणते वाचायचे ते आरंभी वाचकावर सोपवले. छापील ग्रंथव्यवहारात एका वेष्टनात दोन भाषांतरे क्वचितच दिसतात, आणि कादंबरीच्या बाबतीत तर नाहीच. कोणी आवाज बंद करून पहिले भाषांतर वाचावे, मग आवाज चालू करून दुसरे. सेत्सुमीचे एकच वाक्य तीन वेळा, तीन रूपांत भेटते, आणि त्यांतले एकच तिच्या तोंडचे असते. दोन्ही भाषांतरांतली निवेदनाची बाजू मात्र कुठल्याच वाचनात बोलत नाही. तिथे वाचकाजवळ ताडून पाहायला दुसरे इंग्रजी गद्य असते, आणि त्या दोहोंत कुठे, किती अंतर पडते हे मोजायला तो नाइलाजाने वाक्यांकडे वळतो.