'हेतू' सिद्ध करायचा कसा? वनमजुरांच्या एका निकालाचं वाचन

मुलचेरा-आलापल्लीकडच्या वाचकांना रोपवाटिका, रोपवन आणि रोजंदारी वनमजूर नवीन नाहीत. पण अशा मजुरांबद्दलचा एक महत्त्वाचा निकाल पुण्याकडच्या कामांतून आला: मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर १९९५. संशोधन करू पाहणाऱ्यांनी तो पुराव्याच्या अंगाने जरूर वाचावा.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. अडचण 'हेतू' या शब्दात आहे. वनखात्याच्या मनात काय होतं, हे मजूर कुठून दाखवणार? त्याच्याकडे ना फाईल, ना टिपणी.

हे मजूर पाच-सहा वर्षं, वर्षाला १०० ते ३३० दिवस राबत होते. कोर्टाने त्या सातत्यावरूनच हेतूचं अनुमान काढलं. हे अनुमान मला पटतं, कारण त्याला दुसरा आधारही आहे: काम कायम स्वरूपाचं होतं. नुसती वर्षं मोजली असती, तर 'योजनाच लांबली' हे पर्यायी स्पष्टीकरण उरलं असतं.

सरकारने खर्चाचीही भीती घातली: खात्यात १.४ लाख रोजंदार, सगळ्यांना कायम केलं तर सुमारे ३०० कोटी. आकड्यामागे पुरावा नाही म्हणून कोर्टाने तो मानला नाही. इथपर्यंत उत्तम.

पण लगेच कोर्ट म्हणतं की हा निकाल खात्यातल्या सगळ्या रोजंदारांना आपोआप लागू नाही. माझा आक्षेप इथे आहे. प्रत्येकाचे कामाचे दिवस वेगळे, हे मान्य. पण मग दूरच्या तालुक्यातल्या मजुराला तोच मुद्दा पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावा लागतो, आणि हजेरीपट मात्र खात्याच्या कपाटात असतो. हजेरीपट हजर करायची जबाबदारी खात्यावर टाकणारा नियम कोर्टाने सांगायला हवा होता.

पुढे २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी नोकरीत मागच्या दाराने कायम होण्याची वाट अडवली. २००९ मध्ये एसटीच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की अनुचित प्रथा सिद्ध झाली, तर औद्योगिक न्यायालयाचे अधिकार शाबूत आहेत. म्हणजे सगळं पुन्हा 'सिद्ध झाली तर' यावरच येतं.

म्हणून निकाल वाचताना 'कोण जिंकलं' याच्या आधी विचारा: पुरावा कोणाकडे होता, आणि तो देण्याचं ओझं कोणावर होतं?