वाचा-उपचारतज्ज्ञांचे निरंतर शिक्षण आणि साहाय्यक संप्रेषण तंत्रज्ञान : एक चिकित्सा

प्रस्तावना :

पनवेलजवळचे करंजाडे हे सिडकोने विकसित केलेले उपनगर होय. नवी मुंबई विमानतळासाठी गाव सोडावे लागलेल्या कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन वडघर-करंजाडे परिसरात झाले. त्यांच्या शेजारी राज्यातून आणि परराज्यांतून आलेली नोकरदार कुटुंबे राहतात. त्यामुळे येथे आगरी बोली, प्रमाण मराठी आणि हिंदी एकाच इमारतीत ऐकू येतात. अशा वस्तीतील एखादे मूल मेंदूच्या पक्षाघातामुळे किंवा स्वमग्नतेमुळे बोलू शकत नसेल, तर त्याला दिल्या जाणाऱ्या साधनाने कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर तंत्रज्ञाने नव्हे, उपचारतज्ज्ञाने द्यावयाचे असते. ते देण्याची तयारी सेवेतील तज्ज्ञांच्या निरंतर शिक्षणातून होते काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निरंतर शिक्षणाची चौकट :

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ मध्ये संमत झाला व १९९३ पासून अंमलात आला. परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यावसायिकांना नोंदणीचे नूतनीकरण करताना निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. मान्यताप्राप्त कार्यक्रमाला उपस्थित राहिल्यावर त्याच्या कालावधीनुसार हे गुण मिळतात. मुंबई परिसरात अशा शिक्षणाची प्रमुख केंद्रे आहेत : १९८३ मध्ये स्थापन झालेली वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे खारघर येथील प्रादेशिक केंद्र. पनवेलहून वांद्र्याला जाणाऱ्यास हार्बर मार्गाने येऊन अनेकदा वडाळ्याला गाडी बदलावी लागते. २०२० नंतर ऑनलाइन कार्यक्रमांना वाव मिळाल्याने हा प्रवास काही अंशी वाचला, ही जमेची बाजू होय.

या शिक्षणाला आंतरराष्ट्रीय आधारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांगजन हक्क संहितेचे कलम २६ पुनर्वसन क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या प्रारंभिक व निरंतर प्रशिक्षणाला आणि साहाय्यक साधनांविषयीच्या ज्ञानाला चालना देण्यास सांगते. भारताने २००७ मध्ये ही संहिता स्वीकारली. तिच्याशी सुसंगत अशा २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने ‘संप्रेषण’ या संज्ञेतच संवर्धक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला. म्हणजे चित्रफलकावर बोट ठेवून बोलणे हेही कायद्याच्या दृष्टीने बोलणेच आहे.

साधनाचे ज्ञान आणि भाषेचे ज्ञान :

जॅनिस लाइट यांनी १९८९ मध्ये संवर्धक संप्रेषण वापरणाऱ्या व्यक्तीच्या क्षमतेची चार अंगे सांगितली : भाषिक, साधन चालविण्याची, सामाजिक आणि व्यूहात्मक. निरंतर शिक्षणाला हीच कसोटी लावून पाहता येते. साधन चालविण्याचे अंग एका दिवसाच्या कार्यशाळेत शिकविता येते. उरलेली तीन अंगे मात्र भाषा, घर आणि परिसर यांच्याशी बांधलेली असतात.

चित्राधारित संवादासाठी चेन्नईत विकसित झालेले ‘आवाज’ आणि आयआयटी मुंबईचे ‘जेलो’ ही भारतीय साधने आज उपलब्ध असून ‘जेलो’मध्ये मराठीचीही सोय आहे. तथापि चित्राखाली मराठी शब्द असणे वेगळे आणि मुलाला मराठी वाक्य करता येणे वेगळे. ‘मी’, ‘पाणी’, ‘पाहिजे’ ही तीन चित्रे ओळीने दाबली असता मराठी वाक्य तयार होत नाही. तेथे ‘मला’ हवे. ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पोळी खाल्ली’ यांत क्रियापद कर्माच्या लिंगानुसार बदलते, तर ‘जातो’ आणि ‘जाते’ यांत बोलणाऱ्याच्या लिंगानुसार. इंग्रजी फलकाचा केवळ अनुवाद केल्यास हा सारा भाग निसटतो. आजीला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ हे घराघरांत वेगळे असते. तो सामाजिक अंगाचा प्रश्न होय. वीज गेली, बॅटरी संपली, तेव्हा पुठ्ठ्यावरचा कागदी फलक हाताशी असावा, हे व्यूहात्मक अंग होय. या तिन्ही बाबींचा अभ्यास न करताही गुण पूर्ण होऊ शकतात, हा सध्याच्या चौकटीतील मूलभूत दोष आहे.

बोली आणि दोष :

आगरीभाषक घरात ‘पाणी’चा उच्चार ‘पानी’ होतो व ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हटले जाते. प्रमाण मराठीच्या मापाने तपासणाऱ्यास येथे उच्चारदोष दिसेल. वस्तुतः ते बोलीचे वैशिष्ट्य आहे. बोलीभेद आणि वाचादोष यांतील सीमारेषा ओळखता न आल्यास निरोगी उच्चारावर उपचार होतात आणि मुलाला आपल्या घराच्या भाषेची लाज वाटू लागते. हे ज्ञान पदवी अभ्यासक्रमातून एकदाच मिळवून पुरत नाही. तज्ज्ञ जेथे काम करतो तेथील बोलीसह ते नव्याने मिळवावे लागते.

अद्ययावत ज्ञानाची गरज दुसऱ्या एका समजुतीमुळेही आहे. चित्रफलक दिल्यास मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल, अशी भीती पालकांना वाटते. मिलर, लाइट व श्लॉसर यांच्या २००६ मधील आढाव्यात भक्कम पुराव्याच्या निकषावर उतरलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते. बहुतेकांचे वाढले होते. हा निष्कर्ष तज्ज्ञापर्यंत पोहोचला नाही, तर मुलाची हाती असलेली वर्षे प्रतीक्षेत जातात.

मर्यादा आणि प्रतिवाद :

नियामक संस्थेला मोजता येईल असे परिमाण हवे असते व उपस्थिती मोजणे सोपे असते, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु जे मोजणे सोपे, तेच महत्त्वाचे ठरविण्याची सवय त्यातून लागते. दुसरी अडचण रचनेची आहे. मुलाने फलकाकडे हात कसा न्यावा, आसन कसे असावे, कळ कोठे बसवावी, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ ठरवितो. तो आता २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याच्या कक्षेत येतो, तर वाचा-उपचारतज्ज्ञ पुनर्वास परिषदेच्या. मूल एक आणि नोंदवह्या दोन, अशा स्थितीत संयुक्त प्रशिक्षणाला दोन्हीकडे मान्यता मिळण्याची सोय आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

निरंतर शिक्षणाचा काही भाग तरी उपस्थितीऐवजी प्रत्यक्ष कामावर मोजला जावा. एका मुलासाठी त्याच्या घरच्या भाषेत तयार केलेला शब्दसंग्रह, पालकांसह केलेली त्याची चाचणी आणि काही महिन्यांनी घेतलेला आढावा यांना गुण मिळावेत. मराठी व भाषाविज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांचे साहाय्य येथे घेता येईल. बोलींच्या शब्दसंग्रहाचे काम त्यांच्या अभ्यासक्षेत्रातलेच आहे. करंजाडेत पुनर्वसन हा शब्द आजवर भूखंड आणि घर यांच्या संदर्भात अधिक वापरला गेला. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ आईशी आईच्या भाषेत बोलता येणे एवढाच आहे. तज्ज्ञाच्या शिक्षणाचे मूल्यमापन त्या अर्थाने झाले, तरच त्याच्या प्रमाणपत्राला मोल राहील.