दिलेला हिशेब, राहिलेला हिशेब

दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते. हुतात्मा स्मारकांवर फुले वाहिली जातात. भाषणांत स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, गोविंदराव पानसरे ही नावे आदराने घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. मात्र एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या लढ्याच्या शेवटच्या वर्षात माणसांनी शस्त्रे हाती घेतली, करोडगिरी नाकी जाळली, पोलीस ठाण्यांवर हल्ले केले, बँक लुटली. 4 डिसेंबर 1947 रोजी हैदराबादच्या रस्त्यावर खुद्द निझामाच्या मोटारीवर बाँब टाकला गेला. आज कुणी असे केले तर आपण त्याला बिनदिक्कत दहशतवाद म्हणू. मग तेव्हाचे समर्थनीय कसे ठरते? 'सरकार जुलमी होते' एवढे उत्तर पुरेसे आहे का?

मुक्तिसंग्रामावरचे मराठी लेखन या प्रश्नाशी कसे वागते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी 1967 साली आल्या. अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ 1987 सालचा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजमध्ये हयात घालवलेल्या नरहर कुरुंदकरांनी या विषयावर लिहिले. त्यांच्याभोवती तालुक्या-तालुक्यांतून निघालेल्या स्मरणिका, गौरवग्रंथ, आठवणींची छोटी पुस्तके आहेत. मी कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर संशोधक नाही. पण नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हाती लागेल ते हे साहित्य वाचत आलो आहे. त्यातून जे मत बनले ते मांडतो.

पहिली गोष्ट मान्य केली पाहिजे. हैदराबाद संस्थानात सनदशीर मार्ग खरोखरच बंद होते. सभा घ्यायची तर 'गश्ती निशान 53' आडवे येई. परवानगीशिवाय चार माणसांनी जमणेही कठीण. स्टेट काँग्रेस 1938 साली स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरली. सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली, 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढले. बंदी उठायला 1946 साल उजाडले. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. 15 ऑगस्ट 1947 ला देशभर तिरंगा फडकत असताना इथे तो फडकवल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. रझाकारांच्या टोळ्यांना सत्तेचा आसरा होता आणि गावकऱ्याला फिर्याद नोंदवायला जागा नव्हती. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांच्या विरोधात लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या संपादकाला हैदराबादेत ठार मारण्यात आले. तो मुसलमान होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा लढा दोन धर्मांचा नव्हता याचा तो सर्वांत मोठा पुरावा आहे.

अशा स्थितीत उदगीरजवळच्या हत्तीबेटावर शेतकऱ्यांनी बंदुका घेतल्या, सरहद्दीवर केंद्रे उभी राहिली. याला मी चूक म्हणू शकत नाही. गांधीजींनी 1920 सालीच लिहून ठेवले होते की, भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायचे असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ. अर्थात त्यांच्या लेखी अहिंसा दोन्हींहून श्रेष्ठ होती. स्टेट काँग्रेसच्या नेत्यांना हा पेच टोचत होता. त्यांनी तो लपवला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता उमरीकडे येऊ. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक जानेवारी 1948 च्या अखेरीस लुटली गेली. लाखो रुपयांची रक्कम हाती आली. आमच्याकडे ही घटना शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला शौर्याचा भाग दुय्यम वाटतो. महत्त्वाचे हे की त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि तो नेत्यांपुढे मांडला गेला. अंगावर जेमतेम धडका कपडा असलेली पोरे नोटांची पोती वाहून नेतात आणि पैसा संघटनेकडे जमा करतात, यामागे एक भान आहे. आपण करतो आहोत ते एरवी गुन्हाच आहे, उद्या कुणीतरी आपल्याला विचारणार आहे आणि त्याला उत्तर देणे आपले काम आहे, हे ते भान. मोटारीवर टाकलेल्या बाँबचे तसे नाही. नेम राज्यकर्त्यावर असला तरी रस्त्यावर फेकलेला बाँब माणूस निवडत नाही. आपल्या साहित्याने या दोन कृत्यांत फरक करायला हवा होता. त्याने दोन्ही एकाच हारात ओवली.

उमरीच्याच दिवसांत, 30 जानेवारीला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा मराठी माणूस होता. त्यानेही सरकारच्या अन्यायाचेच कारण दिले: फाळणी, पाकिस्तानला द्यायचे 55 कोटी. हाच नथुराम गोडसे हिंदू महासभेच्या हैदराबाद सत्याग्रहात सामील होऊन निझामाच्या तुरुंगात राहून आला होता. म्हणजे जुलूम सोसला, तुरुंग भोगला, सरकारवर राग होता, ही तिन्ही कारणे दोन्हीकडे सापडतात. पण दिल्लीत सभा घेता येत होती, पक्ष काढता येत होता. गोडसे स्वतः वृत्तपत्र चालवत होता. आणि समोर होता प्रार्थनेला निघालेला निःशस्त्र म्हातारा. 'सरकार चुकले म्हणून' हे वाक्य कुणालाही उच्चारता येते. म्हणूनच त्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. कारण सांगणे वेगळे आणि समर्थन करणे वेगळे. मराठीतला 'म्हणून' हा शब्द दोन्हींना वापरला जातो आणि आपला घोटाळा तिथेच होतो.

या घोटाळ्याची सर्वांत मोठी किंमत लातूरने मोजली.

कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. या गावाला त्याची ओळख आयुष्यभर चिकटली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निझाम शरण आला. गौरवग्रंथांतली गोष्ट बहुधा इथे संपते. पुढचे काही आठवडे वाचायचे तर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या अहवालाकडे जावे लागते. भारत सरकारनेच पाठवलेले हे शिष्टमंडळ 1948 च्या अखेरीस मराठवाड्यात फिरले. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथे कत्तल वीसहून अधिक दिवस चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले, असे अहवाल सांगतो. गावातल्या सधन कच्छी व्यापाऱ्यांचा त्यात खास उल्लेख आहे. सरहद्दीपलीकडून, सोलापूरसारख्या शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्यांचाही आहे. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचाही आहे.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. तो प्रसिद्धही झाला नाही. सर्वसामान्य वाचकाला पुस्तकातून मिळायला 2013 साल उजाडले. आकड्यांवर वाद घालता येईल, घालावाही. पण वाद घालण्यासाठी आधी नोंद घ्यावी लागते.

आमच्या भागात या विषयावर बोलायला लागले की दोन उत्तरे येतात. पहिले असे की हे स्टेट काँग्रेसने केले नाही. बरोबर आहे, तसा आरोप मी करत नाही. पण उमरीच्या पैशाचा हिशेब अभिमानाने सांगणाऱ्या परंपरेने लातूरच्या माणसांची निदान मोजदाद तरी मांडायला नको का? दुसरे उत्तर असे की रझाकारांनी आधी काय केले ते पाहा. ते मी वर लिहिले आहे आणि त्यातला एक शब्दही कमी करत नाही. पण अत्तराचे, कापडाचे वा धान्याचे दुकान चालवणारा लातूरचा मुसलमान म्हणजे कासीम रझवी नव्हे. खुद्द रझवीचे काय झाले? त्याच्यावर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगून तो 1957 साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. ज्याचा गुन्हा होता त्याला न्यायालय मिळाले, वकील मिळाला. ज्यांचा नव्हता त्यांना यातले काहीच मिळाले नाही.

जुलमी सरकारविरुद्ध हत्यार उचलण्याचा प्रश्न असा कृत्यागणिक सोडवावा लागतो. बाजू न्याय्य आहे एवढ्याने त्या बाजूचे प्रत्येक कृत्य न्याय्य होत नाही. सरकारचा गुन्हा सरकारच्या धर्माच्या, जातीच्या वा भाषेच्या माणसाच्या अंगावर कधीच चढत नाही. आणि बंद असलेली वाट उघडली की हत्याराचा आधार संपतो.

ही शेवटची कसोटीही आपल्याकडेच लागली. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा निझाम गेल्यावरही चालू राहिला आणि ऑक्टोबर 1951 मध्ये मागे घेतला गेला. लगेच झालेल्या पहिल्या निवडणुकीत त्याच लढ्यातले रवी नारायण रेड्डी नळगोंड्यातून नेहरूंपेक्षाही जास्त मतांनी लोकसभेवर गेले. बंदुकीने जे सिद्ध होत नव्हते ते मतपेटीने केले. दुसरे उदाहरण आणीबाणीचे. सरकार पुन्हा चुकले होते, वाटा पुन्हा अरुंद झाल्या होत्या. काहींनी डायनामाइट जमवले. बडोद्याचा तो खटला 1977 साली मागे घेतला गेला. पण तरुणपणी हैदराबादच्या लढ्यात उतरलेले अनंत भालेराव या वेळी लेखणी घेऊनच उभे राहिले आणि तुरुंगात गेले. 1948 आणि 1975 यांतला फरक त्यांना कळत होता. त्यांच्या ग्रंथाइतकेच त्यांचे हे वर्तनही मुक्तिसंग्रामावरचे भाष्य म्हणून वाचले पाहिजे.

वाटा बंद करणाऱ्या सरकारला यातून सुटका नाही. 'गश्ती निशान' काढणारा हात हिंसेची जमीन नांगरत असतो, मग राज्य संस्थानी असो की लोकांनी निवडलेले. पण जमीन नांगरलेली आहे म्हणून हवे ते पेरायची मुभा कुणाला मिळत नाही.

आपल्या अभ्यासकांकडे, संस्थांकडे माझे एक साधे मागणे आहे. सुंदरलाल अहवालाचे टीपांसह मराठी भाषांतर व्हावे, त्यावरचे आक्षेप त्याच पुस्तकात छापावेत आणि मुक्तिसंग्रामाच्या पुढच्या प्रत्येक स्मरणग्रंथात 17 सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांचे एक प्रकरण असावे. त्यात शेजाऱ्याला घरात लपवणाऱ्या माणसांचीही नोंद यावी. त्या पिढीतली बोलू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नव्वदी ओलांडलेले ते लोक अजून नीट सांगतात, फक्त कुणीतरी जाऊन विचारावे लागते.