तीन पैशांच्या तमाशातील वाजवणारे

पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये रंगभूमीवर आणला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. मूळ ब्रेख्तचा ऑपेरा, बर्लिन, १९२८. कुर्ट वाइलच्या संगीताला तेथे सातच वादक होते, एकेक जण अनेक वाद्ये हाताळी. त्या ‘लुईस रूथ बँड’चे नाव इतिहासात राहिले.

आमच्या तमाशाच्या ढोलकी-हलगीवाल्यांचे काय? माळेगाव बुद्रुकच्या वाचकाला सांगायला नको: देवापुढे हलगी कडाडली, पण वाजवणाऱ्या मांगाला गाभारा बंद होता. भिकारी-चोरांच्या तोंडून प्रतिष्ठितांची लक्तरे टांगणाऱ्या नाटकाला हा बाज शोभतो, हे निर्विवाद. मात्र पांढरपेशा समीक्षा ‘लोककला’ म्हणते, तेव्हा त्यातली जात गाळते. बाज उसना घेतला, हे तरी लिहा. कोणाकडून, तेही लिहा.